भांडण ठेवलं, सॉरी कापलं

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांचं पत्र आलं होतं. मालिकांचे कापलेले सीन नंतर मोबाईलवर टाकतात आणि तरणी पोरं ते बघून 'ह्या दोघांचं खरं प्रेम तर इथं होतं' म्हणून हळहळत बसतात, हा सगळा रिकामटेकडा उद्योग आहे, जे टीव्हीवर दाखवलं नाही ते गोष्टीत घडलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वयाचा मान ठेवून सांगते, एवढं सोपं नाहीये ते. मी बेळगावच्या शहापुरात राहते, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, म्हणजे काय कापायचं आणि काय ठेवायचं ह्यावरच माझं पोट आहे, आणि मालिका आमच्या घरी रात्रीच्या जेवणासोबत लागतातच, लाईट गेली नाही तर. लाईट गेली की तेवढे सीन आपोआप डिलीट, त्याचा राग कुणावर काढायचा हे अजून ठरलेलं नाही.

आधी हे बघा की कापतात का. अर्ध्या तासाची मालिका म्हणजे अर्धा तास नसतोच तो. केबल टीव्हीच्या नियमात तासाला १२ मिनिटं जाहिराती बसतात, १० मिनिटं धंद्याच्या आणि २ मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या, म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिथंच गेली, मग टायटल साँग, काल काय झालं ते, उद्या काय होणार ते, हे सगळं वजा करून गोष्टीला वीस-बावीस मिनिटं उरली तर उरली. त्यात रोजचं शूटिंग, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले एपिसोड, कधी असते कधी नसते, आणि सेटवर शूट केलेलं मोजलं की दोन-तीन मिनिटं जास्तच भरतं. मग एडिटरला सांगतात, काढ दोन मिनिटं. आता तो काय काढणार? खलनायिकेचा फोन काढता येत नाही, उद्याचा ट्रॅक त्या फोनवर आहे. शेवटचा हुक काढता येत नाही, लोकांनी उद्या परत यायचं तर तो पाहिजेच. मग राहतो कोणता सीन, तर ज्यात काहीच 'होत' नाही तो. ती दोघं गाडी लावून गेटपाशी थांबलेत, तो विचारतो जेवलीस का, ती म्हणते नाही अजून, आणि दोघंही आत जात नाहीत. एवढंच. कुणीही एडिटर असो, रात्री अकराला हात तिथंच जातो. मी त्याला नावं ठेवत नाही, माझाही जातो.

पण प्रेम तर त्या गेटपाशीच वाढत असतं की नाही. टीव्हीवरच्या जोडीच्या आयुष्यात मोठ्या घटना किती असतात सांगा बघू, भेट, गैरसमज, कबुली, लग्न, परत गैरसमज. ह्या घटना कुणी कापत नाही, त्यांचा तर महाएपिसोड करतात. कापला जातो तो त्यांच्या मधला भाग, आणि मग आपल्याला सोमवारी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं शुक्रवारी एकमेकांसाठी जीव द्यायला तयार दिसतात, आणि आपणच म्हणतो की लेखकाला काय कळत नाही. लेखकानं लिहिलेलं असेलही ओ, तुमच्यापर्यंत आलं नसेल.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवते ना, २०१२ ला झी मराठीवर होती, सतीश राजवाडेंची, स्वप्नील जोशी घना आणि मुक्ता बर्वे राधा. काँट्रॅक्ट मॅरेज. म्हणजे लग्न आधीच झालेलं, प्रेम नंतर व्हायचंय, घरात कारस्थान करणारी बाई नाही, विष नाही, अपघात नाही. ती अख्खी मालिका म्हणजे तो 'मधला भाग'च होता. काहीच होत नाही तो सीन काढा, हा नियम तिला लावला असता तर हातात फक्त टायटल साँग आलं असतं. आमच्या गल्लीत तेव्हा लोक मालिकेच्या वेळेला दारात उभे राहून गप्पा मारायचे बंद झाले होते. तेव्हा लोकांना शांत सीन बघायला आवडत नाही, हे कारण मला कुणी सांगू नये.

आता त्या वाचकांच्या मुद्द्यावर येते, दाखवलं नाही म्हणजे घडलं नाही. तसं नसतं, कारण जे ठेवलेलं असतं ते त्या कापलेल्यावर उभं असतं. समजा आठ नंबरच्या सीनमध्ये त्यानं तिला पहिल्यांदा आपल्या वारलेल्या वडिलांबद्दल सांगितलं, आणि नऊ नंबरच्या सीनमध्ये ती त्याच्याकडं जरा वेगळं बघते, आवाज खाली आणून बोलते. अभिनय करणारीनं आठ मनात ठेवून नऊ केलाय. आता आठ कापला. नऊ तसाच राहिला, त्यातली तिची नजर तशीच राहिली, पण बघणाऱ्याला वाटतं हिला अचानक काय झालं, ही एवढी मऊ का बोलतेय, ओव्हर ॲक्टिंग करते बाई. बिचारीला शिव्या बसल्या त्या एडिट टेबलमुळं. कापलेला सीन असा पुढच्या सीनमध्ये डोकावत राहतो, तो जात नाही कुठं.

आणि सगळ्यात वाईट काय होतं ते सांगते, हे मी नीट लक्ष देऊन बघितलंय आणि तुम्हीही बघा. भांडणाला आवाज असतो, म्युझिक असतं, तीन-तीन वेळा क्लोजअप असतो, भांडण कधीच कापलं जात नाही. सॉरी हळू आवाजात म्हणतात. स्वयंपाकघरात, पाठमोरं, कुकरची शिट्टी होत असताना म्हणतात. ते कापलं जातं. परिणाम असा की हिरो हिरोईनवर ओरडलेला आपल्याला दिसतो, माफी मागितलेला दिसतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला डबा देताना हसते. म्हणजे तो उर्मट ठरला आणि तिला मान नाही असं झालं. लेखकानं कदाचित चांगला माणूस लिहिला होता. अशी जोडी बघत मोठ्या झालेल्या पोरींना ओरडल्यावर डबा द्यायचा असतो एवढंच कळतं, मधलं त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. आमच्या आईचं ह्यावर मत वेगळं आहे, ती म्हणते खऱ्या नवऱ्यांचाही तो सीन कापलेलाच असतो. असो.

माझ्या कामातलं एक सांगते. मागच्या सीझनला एका लग्नाचं हायलाइट करत होते. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, अंतरपाट काढला, आणि नवऱ्याची मुंडावळी एका बाजूनं घसरून डोळ्यावर आली. त्याच्या दोन्ही हातात हार. तर नवरीनं ती सरळ करायला हात अर्धा वर नेला, मग समोर एवढी माणसं बघून खाली घेतला, आणि तो तेवढ्यात मान थोडी वाकवून तिच्या बाजूला आला, म्हणजे कर म्हणून. फोकस जरा हललेला होता शॉटचा, पण काय शॉट होता. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "हे काय पुसट-पुसट, काढ की, त्याच्या जागी साहेबांचा सत्कार घाल." पैसे देणाऱ्यांचा शब्द, घातला सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं स्वच्छ फोकसमध्ये. आता तो व्हिडिओ बघितला तर ते दोघं कुणाच्या तरी सत्काराला आलेले वाटतात. पुढं काही दिवसांनी त्या मुलीचा मेसेज आला, ताई तो मुंडावळीचा शॉट आहे का हो. मी तेवढाच कापून पाठवला. तिनं बघितला, खूश झाली, आणि लगेच विचारलं, हे हार घालायच्या आधीचं का नंतरचं? स्वतःच्या लग्नातलं ओ! सुटा तुकडा हातात आला की त्याची जागा हरवते, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

म्हणून कापलेले सीन नंतर सुटे सुटे मोबाईलवर टाकणं मला पूर्ण पटत नाही, आणि इथं मी त्या वाचकांच्या थोडं बाजूची आहे असं म्हटलं तरी चालेल. तीस सेकंदाचा तुकडा, वर गाणं चिकटवलेलं, कुठल्या एपिसोडचा, भांडणाच्या आधीचा का नंतरचा, कशाचा पत्ता नाही. त्यातून जोडीचं प्रेम वाढत नाही, फक्त फॅन लोकांची भांडणं वाढतात, ज्यांनी बघितलं ते एका बाजूला आणि आमच्या आईसारखे फक्त टीव्हीवर बघणारे दुसऱ्या बाजूला. दोघं एकाच जोडीबद्दल बोलतायत असं वाटतच नाही. आणि प्रोमोचं तर विचारूच नका, प्रोमोत मिठी दाखवायची, आठवडाभर लोकांनी वाट बघायची आणि एपिसोडात ती मिठी एक तर स्वप्न निघते नाहीतर नसतेच. हे काय कापणं म्हणायचं का फसवणं?

आता आपल्या सीमाभागातली गंमत अशी की आपल्याला एकच जोडी दोन भाषांत बघायला मिळाली. 'तुला पाहते रे' ऑगस्ट २०१८ ला झी मराठीवर सुरू झाली, सुबोध भावे म्हणजे विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातार म्हणजे ईशा निमकर, जुलै २०१९ ला संपली. जेमतेम अकरा महिने. त्यातही फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम आला, चॅनल निवडून पैसे भरायचे, आणि आमच्या गल्लीत कोणाचं मराठी पॅक चालू झालं, कोणाचं कन्नडच आलं, काही दिवस नुसता गोंधळ. जानेवारीत त्या दोघांचं लग्न बघितलेलं, आणि नंतर आमच्या घरी मधलं सगळं गायब. चॅनल परत आलं तेव्हा आई म्हणाली, ह्यांच्यात काहीतरी झालंय आणि मला कुणी सांगत नाहीये. बरोबर बोलली ती. पुढं तो विक्रांतच खलनायक निघाला आणि ईशा म्हणजे त्याच्या आधीच्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म, ते तुम्हाला माहितीच आहे.

मग सप्टेंबर २०१९ ला त्याच गोष्टीवरची 'जोते जोतेयली' झी कन्नडवर आली, अनिरुद्ध जतकर आणि मेघा शेट्टी, आर्यवर्धन आणि अनु. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, त्या ती लावायच्या, आणि आई बसायची सोबतीला, तिला कन्नड कळतं चांगलं. पहिल्याच आठवड्यात आईनं सांगून टाकलं, "अक्का, ह्या माणसावर विश्वास ठेवू नका बघा." अक्का म्हणाल्या, "हौदा? (म्हणजे, हो का?) चांगला दिसतोय की ओ तो!" आणि तिथून त्या दोघींचं रोजचं सुरू, तो अनुशी गोड बोलला की अक्का आईकडं बघणार आणि आई मान हलवणार. ही मालिका २०२३ पर्यंत चालली, मधे हिरो बदलला तरी चालली. एकीकडं अकरा महिने, दुसरीकडं जवळजवळ चार वर्षं. आई म्हणायची ह्यांच्याकडं बोलायला वेळ आहे. जोडी तीच, गोष्टीचा सांगाडा तोच, पण दोघांना नुसतं बसायला, चहा प्यायला, उगाच फोन करायला जागा मिळाली की बघणाऱ्याचा जीव वेगळा अडकतो. अक्कांना शेवटपर्यंत तो माणूस वाईट वाटला नाही, आईला सुरुवातीपासून वाटला. मला तर वाटतं अशा गोष्टीत, जिथं प्रेम खरं का खोटं हेच कोडं आहे, तिथं एक छोटा सीन काढला तरी निकाल बदलतो. तो एकटा असताना तिच्या फोटोकडं कसा बघतो हा एकच शॉट ठेवला तर तो प्रेमात आहे, काढला तर तो कारस्थानी आहे.

परदेशात हे सगळं होऊन गेलंय. माझा भाऊ बेंगळुरूला आयटीत आहे, त्याच्यामुळं मी 'द ऑफिस' बघितली, अमेरिकेची, २००५ ते २०१३ चाललेली. जिम आणि पॅम एकाच कागदाच्या कंपनीत, तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं, आणि सगळं एक डॉक्युमेंट्रीवाले शूट करतायत असं दाखवलंय. म्हणजे त्या मालिकेत कापलेला सीन म्हणजे कॅमेऱ्यानं बघितलं पण आपल्याला सांगितलं नाही, असं होतं, मजा आहे की नाही. त्यांचे कापलेले सीन डीव्हीडीत वेगळे द्यायचे, आपल्यासारखेच सुटे. पण २०२१ पासून पीकॉक नावाच्या तिकडच्या ॲपवर त्यांनी 'सुपरफॅन एपिसोड' काढले, त्यात कापलेले सीन परत एपिसोडच्या आत, आपापल्या जागी बसवलेत. हे झालं काम. आणि शेवटच्या सीझनला काय होतं, तोवर जिम-पॅमचं लग्न झालेलं आणि त्यांच्या संसारात ताण आलेला असतो, तर जिम त्या डॉक्युमेंट्रीवाल्यांकडून त्यांच्या इतक्या वर्षांच्या फुटेजची एक डीव्हीडी करून घेतो आणि पॅमला दाखवतो, आणि सोबत ती चिठ्ठी देतो जी त्यानं दुसऱ्या सीझनच्या ख्रिसमसला टी-पॉटच्या गिफ्टमध्ये घातली होती आणि तिनं वाचायच्या आधीच काढून घेतली होती. चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला सांगतच नाहीत. मी एडिटर म्हणून सांगते, ते न सांगणं बरोबर आहे. म्हणजे मी काय सगळंच दाखवा म्हणणाऱ्यातली नाही. पण ते लेखकानं ठरवून लपवलंय, लांबी जास्त झाली म्हणून उडवलेलं नाही. फरक आहे.

तिकडच्याच 'फ्रेंड्स' मालिकेचं अजून एक आहे, ते तर फारच बघण्यासारखं. चँडलर आणि मोनिका लग्नानंतर हनिमूनला निघतात तो एपिसोड, ११ ऑक्टोबर २००१ ला लागलेला. मूळ शूटिंगमध्ये विमानतळावर बाँबबद्दल चेष्टा करू नका अशी पाटी असते आणि चँडलर नेमकी तीच चेष्टा करतो, मग दोघांना पकडून आत चौकशीला नेतात. मधे ११ सप्टेंबर झालं, न्यूयॉर्कचे टॉवर पडले, आणि त्यांनी तो सगळा भाग काढून नवीन शूट केला. काढला ते योग्यच, त्यावर वाद नाही. नवीन भागात त्यांच्या पुढं लाईनमध्ये दुसरं एक नवीन लग्न झालेलं जोडपं असतं आणि हनिमूनचे सगळे फायदे त्यांनाच मिळतात, आणि मोनिकाचा चडफडाट होतो. दोन्ही विनोदीच. पण बघा, कापलेल्या भागात लग्नानंतरचं पहिलं संकट येतं ते त्याच्या खोडीमुळं, अवघडलं की जोक मारायचा ही त्याची सवय. ठेवलेल्या भागात ते येतं तिच्या खोडीमुळं, सगळ्यात आपणच पहिलं पाहिजे ही तिची सवय. जोडी तीच, हनिमून तोच, पण पहिल्या संकटाला कारण कोण हे एका कापण्यानं बदललं. आता मला कुणी सांगावं की कापलेल्या सीनचा जोडीशी संबंध नाही म्हणून.

सगळे कापलेले सीन सोन्याचे असतात असंही नाही. पावसात भिजायचे सीन कितीही कापा, माझी हरकत नाही. तिसऱ्यांदा पाय मुरगळून त्यानं तिला उचलून आणलं, तोही घेऊन जा. पण कापताना एक बघावं की ह्या दोघांचं ह्यानंतरचं वागणं ह्या सीनवर उभं आहे का, असेल तर दुसरीकडचे दोन मिनिटं काढा, जाऊबाईंचा जिन्यावरून उतरायचा शॉट काढा, तो स्लो मोशनमध्ये तसाही दीड मिनिट असतो.

चॅनलवाल्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की टीव्हीवर वेळ नाही हे कबूल, पण ॲपवर कुठं वेळेचं बंधन आहे? तिथं पूर्ण एपिसोड टाका, सीन त्याच्या जागी ठेवून टाका, सुटे तुकडे नकोत. आणि दुपारी जे रिपीट लावतात त्यात अजून कापलेलं असेल तर तसं पट्टी लावून सांगा, कारण आमच्याकडं दुपारचं बघणाऱ्या बायका खूप आहेत, संध्याकाळी त्यांची स्वयंपाकाची वेळ असते, त्यांना वाटतं आपण पूर्ण बघितलं.

आणि तुमच्या पेपरचं म्हणाल तर, मालिकांचे कलाकार बेळगावला दहीहंडीला येतात, दुकानांच्या उद्घाटनाला येतात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला येतात, तुमचे वार्ताहर त्यांची मुलाखत घेतात आणि प्रत्येक वेळी आपली मिठाई, कुंदा, कसा वाटला आणि बेळगावकर कसे वाटले हेच छापून येतं. कुंदा चांगलाच असतो हो, त्याला विचारायचं काय. पुढच्या वेळी कुठलीही जोडी आली तर दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, तुमचा दोघांचा असा कुठला सीन शूट झाला जो आम्हाला दिसला नाही, आणि तो गेल्यामुळं पुढचा कुठला सीन लोकांना विचित्र वाटला. दोघांचं उत्तर एकच येतंय का वेगळं, ते तसंच्या तसं छापा. कापू नका मात्र.

आपली नेहमीची वाचक,
शहापूर, बेळगाव